रोमन छावणी पुन्हा उभारताना या चुका टाळा

छावणीचा नकाशा हाती आला की हात शिवशिवतात. भिंती उचलायच्या, वर कौलं टाकायची, थ्रीडी मॉडेल तयार! हा नकाशा मुळात काढला कसा, हे कुणी विचारत नाही. बाकीच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

स्कॉटलंडमधलं इंचटुथिल घ्या. टे नदीकाठी इ.स. 83 च्या सुमारास रोमनांनी एका अख्ख्या लिजनसाठी, म्हणजे सुमारे पाच हजार शिपायांच्या रोमन फौजेसाठी, हा तळ बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच स्वतःच्या हातांनी मोडला. त्यावर नंतर शहर उभं राहिलं नाही, म्हणून सुमारे 21 हेक्टरांचा आराखडा शाबूत राहिला. पण इयन रिचमंड आणि सेंट जोसेफ या पुरातत्त्वज्ञांनी 1952 ते 1965 या काळात इथे अरुंद चर खणले होते, सगळी जमीन उघडी केली नव्हती. लाकडी भिंतींच्या पायाचे खंदक मातीत वेगळ्या रंगाच्या पट्ट्यांसारखे दिसतात. या चरात एक पट्टी, त्या चरात दुसरी, मधली रेघ तर्काची. छापील नकाशात मात्र सगळ्या रेघा सारख्याच ठाम दिसतात. म्हणून मॉडेलमध्ये खणलेलं गडद, जोडलेलं फिकं आणि निव्वळ अंदाजाचं तुटक ठेवा. चित्र थोडं कुरूप दिसेल, दिसू द्या.

रिकामी जागा भरायचा मोह तर फारच वाईट. लेगेटच्या, म्हणजे लिजनच्या सेनापतीच्या, घराची जागा इथे राखलेली होती. घर बांधलंच नाही. दुसऱ्या तळावरचा वाडा आणून तिथे बसवलात तर या छावणीची खरी गोष्टच पुसली जाते.

माणसं मोजताना जपून. इंचटुथिलला 64 बराकी. दोन ते दहा क्रमांकाच्या कोहॉर्टना, म्हणजे लिजनमधल्या तुकड्यांना, प्रत्येकी सहा, म्हणजे 54. उरलेल्या दहा दुप्पट आकाराच्या पहिल्या कोहॉर्टच्या. बराकीमागे 80 शिपाई धरले की 5,120. हिशोब सुरेख जुळतो, पण तो जागेचा झाला, हजेरीचा नाही. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन किल्ल्यात सापडलेल्या लाकडी पाटीवर तुंग्रियन कोहॉर्टची हजेरी आहे : पटावर 752, बाहेरगावी 456, तळावर 296, त्यातले 31 आजारी-जखमी. ती साहाय्यक तुकडी, लिजन नव्हे. तरी प्रत्येक खाटेवर शिपाई झोपवण्याआधी ही पाटी आठवावी.

टप्पे एकत्र करू नका. वेल्समधल्या कारलियनला आज बराकींच्या दगडी भिंती दिसतात. तळ पडला 75 च्या सुमारास, तोही लाकडी. दगडी काम नंतरचं. पहिल्या वर्षाचं दृश्य रंगवताना ते दगड उचलून आणायचे नाहीत. इंचटुथिललाही दगड होता तो तटाला, आतली घरं लाकडाची.

आता नाणं. इंचटुथिलला 86 सालची, फारशी न झिजलेली नाणी मिळाली. त्यावरून छावणी 86 च्या आधी सोडली नाही, एवढं नक्की. ‘86 मध्येच सोडली’ असं नाणं सांगत नाही. न झिजलेलं म्हणून लवकरच सोडली असावी, हा अंदाज. डॅन्यूब नदीवर डेशियन लोकांशी युद्ध पेटल्यामुळे फौज हलवली, हा त्यावरचा आणखी एक अंदाज. विसावं लिजन इथे होतं हेही तर्कानेच ठरवलेलं आहे. असे तर्क करायला हरकत नाही, मॉडेलखालच्या टिपेत तसं लिहा म्हणजे झालं.

आणि खिळे! इंचटुथिलच्या कारखान्याच्या जमिनीखाली पुरलेले पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे सापडले. ते पाहून कुणालाही वाटतं, यावरून किती इमारती होत्या ते काढू. काढता येत नाही, कारण हा वापरलेल्या नव्हे, उरलेल्या मालाचा साठा. शत्रूला लोखंड मिळू नये म्हणून तो पुरला असावा. बाहेरचे खिळे गंजून त्यांचं कवच झालं, आतले इतके चांगले राहिले की अणुकचऱ्याचे डबे जमिनीत किती टिकतील याचा अभ्यास करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडले.