थंड मुलखातल्या अंगणात रानपिओनी कशी लावावी

पिओनी म्हणजे दरवर्षी जमिनीतल्या कंदातून उगवणारं, थंड मुलखातलं मोठ्या फुलांचं झाड. पुण्यात ती फुलत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं त्या जानेवारीच्या दिवसांत पहाटे पारा 8-10 अंशांवर येतो, आपण स्वेटर काढतो, पण दुपारी पुन्हा 28-30 अंश असतातच. पिओनीच्या जमिनीखालच्या डोळ्यांची (म्हणजे कंदावरच्या अंकुरांची) झोप मोडायला मात्र अनेक आठवडे 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते. कंद फ्रिजमध्ये ठेवून मग कुंडीत लावण्याचा खटाटोप काही जण करतात. त्यातून फार तर थोडी पानं येतात आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात माना टाकतात. ‘पिओनी बल्ब’ म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं, त्यावर पुण्यात पैसे घालवू नका.

हा लेख आहे तो ज्यांची मुलं मिनेसोटात, टोरांटोत, जर्मनीत आहेत किंवा ज्यांनी हिमाचल-उत्तराखंडात छोटं घर घेतलंय त्यांच्यासाठी. कोथरूड, सहकारनगर, औंध, कुठल्याही सोसायटीत बघा, एप्रिल-मेमध्ये लेकीकडे जाऊन ऑक्टोबरात परतणारे आईवडील असतातच. आणि पिओनीचं वेळापत्रक नेमकं त्या सहा महिन्यांत बसतं. गेल्या गेल्या फुलं बघायला मिळतात, ऑगस्टमध्ये बी तयार होतं आणि परतीच्या विमानाआधी लागवड उरकता येते.

संकरित सोडून रानातली का?

दुकानात मिळणारी भरगच्च पाकळ्यांची पिओनी देखणी असते, पण एक पाऊस झाला की ते जड फूल चिखलात लोळतं. तिला दरवर्षी आधाराच्या कड्या लावाव्या लागतात. रानातल्या जातींना पाकळ्यांची एकच ओळ, मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका, आणि देठ ताठ. बहुतेक जाती संकरितांच्या आधी फुलतात, मधमाश्यांना परागही सहज मिळतात. एक फूल जेमतेम आठवडाभर टिकतं हे खरं आहे. मला तरी तेवढ्यासाठी ती लावावीशी वाटते.

जात निवडताना

हिवाळा उणे 25-30 पर्यंत जात असेल तर दोन जाती डोळे झाकून घ्या. पिओनिया अनोमला ही सायबेरिया-मंगोलियाकडची, गुलाबी-किरमिजी फुलांची. तिला असली थंडी रोजची आहे. दुसरी पिओनिया टेन्युइफोलिया, म्हणजे युक्रेन, दक्षिण रशिया आणि कॉकेशसच्या गवताळ माळांवरची. हिची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली आणि त्यांच्यावर टेकलेलं रक्तासारखं लाल फूल. उंची फूट-दीड फूट. हिला भरपूर ऊन आणि उत्तम निचरा हवा.

अर्धी सावली असेल तर चीनमधली पिओनिया व्हीची किंवा जपान-चीनच्या जंगलातली पिओनिया ओबोव्हाटा. जॉर्जियातली फिकट पिवळी पिओनिया म्लोकोसेविची अप्रतिम असते, पण महाग आणि सावकाश वाढणारी.

आणि आपली स्वतःची पिओनिया इमोडी. काश्मीरपासून नेपाळपर्यंत पश्चिम हिमालयात झाडांच्या कडेने उगवते, मोठी पांढरी फुलं येतात. काश्मीरच्या बाजूला तिला मामेख म्हणतात आणि तिच्या कोवळ्या पानांची भाजीही करतात. मनाली-मुक्तेश्वरच्या उंचीवर जमीन असेल तर दुसरी कुठली शोधूच नका. मिनेसोटासारख्या कडाक्याच्या ठिकाणी मात्र मी ती सुचवणार नाही.

इथे एक कळकळीची विनंती. ट्रेकला गेलात आणि इमोडी दिसली तर उपटून आणू नका. औषधासाठी तिची मुळं आधीच खणून नेली जातात, आणि खणलेलं झाड परत उभं राहायला वर्षं जातात. रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घ्या. तसंच, पुण्याहून बॅगेत बी किंवा कंद घालून परदेशी नेऊ नका. रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर काढून घेतात. ज्या देशात लावायचं तिथेच विकत घ्या.

लागवड

वेळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जमीन गोठण्याआधी पाच-सहा आठवडे मिळाले की मुळं धरतात. वसंतात लावलेला मोकळा कंद जगतो, पण वर्षभर रुसून बसतो.

जागा कायमची निवडा, कारण ही झाडं एकाच जागी अनेक दशकं राहतात आणि हलवलेलं त्यांना आवडत नाही. निदान सहा तास ऊन हवं (सावलीतल्या जाती सोडून). गाडीच्या रस्त्याला लागून लावू नका; हिवाळ्यात तिथे बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि तो खारट बर्फ नेमका वाफ्यावर ढकलला जातो. दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. काही तासांनीही पाणी तसंच असेल तर जागा बदला किंवा उंच वाफा करा, कारण थंडीपेक्षा साचलेल्या पाण्यानेच पिओनी जास्त मरतात. मातीत चांगलं कुजलेलं खत आणि मूठभर बोनमील मिसळा. ताजं शेणखत अजिबात नको, मुळं कुजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोली. कंदाच्या माथ्यावर लालसर, टोकदार डोळे असतात. ते वर ठेवून कंद बसवा, आणि डोळ्यांवर दोन आडवी बोटं बसतील इतकीच माती येऊ द्या, म्हणजे 3 ते 5 सेंमी. लावण्याआधी खड्ड्यातली माती पाणी घालून दाबून घ्या, नाहीतर ती नंतर खचते आणि कंद खाली जातो. ‘पानं छान येतात, पण फूल नाही’ ही तक्रार निघाली की मी आधी खोलीच विचारते. त्यानंतर सावली, आणि मग झाडाचं वय.

दोन झाडांत दोन-तीन फूट अंतर ठेवा. टेन्युइफोलिया तर जुलैतच जमिनीवरून नाहीशी होते, तेव्हा जागेवर पक्की पाटी लावा. नाहीतर जावई हौसेने तिथेच ट्युलिप लावायला खणतील.

तुम्ही परत आल्यावर घरच्यांनी करायचं

हे कागदावर लिहून तिथल्या फ्रिजवर चिकटवून या. पानं वाळली की देठ जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकायचे, कंपोस्टमध्ये नाही. करड्या बुरशीचे बीजाणू त्यातच हिवाळा काढतात. जमीन गोठल्यावर पहिल्या वर्षी पाचोळ्याचं आच्छादन, म्हणजे गोठण्या-वितळण्यात नवा कंद वर उचलला जात नाही. बर्फ गेल्यावर ते बाजूला करायचं. लाल कोंब दिसले की पाय पडू द्यायचा नाही. कळ्यांवर मुंग्या येतील. त्या कळीवरचा गोड रस खातात, फवारणी करू नये. फुलं झाली तरी हिरवी पानं कापायची नाहीत, पुढच्या वर्षीचे डोळे त्यांच्याच जोरावर भरतात.

बियांपासून

रानातल्या जातींची खरी गंमत इथे आहे. ऑगस्टच्या सुमारास शेंगा उकलतात आणि आत दोन रंगांचे दाणे दिसतात, ओबोव्हाटात तर फारच ठसठशीत. काही निळसर काळे, चकचकीत, टणक, काही लालभडक. डोळ्यात भरतात ते लाल, पण ते पोकळ असतात. काळे घ्या. एका बागेत अनेक जाती असतील तर मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असणार, हे धरून चाला.

या बियांना दुहेरी झोप असते. आधी ओलसर ऊब मिळाली की फक्त मूळ फुटतं. मग थंडी मिळाल्यावरच कोंब. म्हणून ताजे दाणे एक दिवस पाण्यात भिजवा, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, रोपवाटिकेत मिळतं) कालवून झिपलॉक पिशवीत घाला आणि घरातल्या उबेत दोन-तीन महिने ठेवा. अधूनमधून बुरशी आलेले दाणे काढून टाका. पांढरं मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 4-5 अंशांवर दहा-बारा आठवडे. त्यानंतर मूळ न मोडता खोल कुंडीत लावा.

इतकं करायला कोणी नसेल तर दाणे लगेच बाहेर कुंडीत, 4-5 सेंमी खोल पेरा आणि वर उंदीर-खारींसाठी तारेची जाळी बांधा. पहिल्या वसंतात वर काही दिसलं नाही तरी कुंडी ओतू नका, खाली मूळ असतं. पान बहुधा दुसऱ्या वसंतात येतं. फूल यायला पेरल्यापासून साधारण चार ते सहा वर्षं. कुंडीवर जातीचं नाव आणि पेरणीचं वर्ष पेन्सिलने लिहा. मार्करची शाई दोन हिवाळ्यांत उडून जाते.