नामिबियाची टीम फॉलो करायची असंल तर अशी करा

११ ऑक्टोबर २०२५ ला नामिबियानं विंडहुकमधी साउथ आफ्रिकेला शेवटच्या बॉलवर हरवलं, त्या रात्री आमच्या लातूरच्या ग्रुपवर झेन ग्रीनच्या त्या चौक्याची क्लिप येऊन येऊन मोबाइल गरम झाला. सगळे विचारायलेत की हे नामिबिया आलं कुठून, आणि दोन दिवसांनी सगळे विसरून मोकळे. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण मी २०२१ पासून ही टीम बघायलोय आणि ती एका क्लिपपुरती नाहीच. म्हणून ज्याला खरंच मनापासून फॉलो करायचंय त्याच्यासाठी सगळं नीट लिहायलोय, जरा लांब झालं तर वाचून घ्या.

पहिल्यांदा देश किती मोठा ते डोक्यात बसवा, नाहीतर जिंकल्याची किंमतच कळत नाही. २०२३ च्या जनगणनेत नामिबियाची लोकसंख्या ३० लाखांच्या जरा वर भरली. आपल्या एकट्या नांदेड जिल्ह्याची २०११ ला ३३ लाखांच्या वर होती. म्हणजे नांदेड जिल्ह्यातून अकरा पोरं निवडायची, त्यातली अर्धी शाळेत रग्बी खेळणारी, आणि साउथ आफ्रिकेसमोर उभी करायची, असा हिशोब आहे हा. रग्बीचं उगाच म्हणत नाही. रुडी व्हॅन वुरेन म्हणून एक बॉलर होता, पेशानं डॉक्टर, त्यानं २००३ मधी क्रिकेटचा वर्ल्डकप पण खेळला आणि त्याच वर्षी रग्बीचा वर्ल्डकप पण खेळला, आणि क्रिकेटवाल्यात इंग्लंडच्या ५ विकेट काढल्या. दुसरं म्हणजे कोरडा मुलूख. विंडहुक शहरात १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून प्यायला वापरतात, जगात असं करणारं ते पहिलं शहर. आपण २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं, त्याच उन्हाळ्यात हायकोर्टानं आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या होत्या, त्यामुळं पाणी नसलेल्या मुलखात हिरवं ग्राउंड राखणं काय असतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता मॅच बघायच्या कशा. विंडहुकचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहे, वर्षभर तेवढंच, हे एकदा पाठ करा. तिकडं सकाळी साडेनऊला वनडे सुरू झाली की इथं दुपारचा एक वाजलेला असतो, आणि दुपारी दोनची टी-ट्वेंटी असली की आपल्याकडं संध्याकाळी साडेपाच. म्हणजे जागरणाची भानगड नाही, दुकान सांभाळत सांभाळत किंवा रानातून येऊन पाय धुतले की निवांत बघता येतं. फिक्स्चर आयसीसीच्या साइटवर बघायचं, आणि लाइव्ह कुठं लागणार ते सीरिजनुसार बदलत राहतं म्हणून मॅचच्या आदल्या दिवशीच शोधून ठेवायचं, टॉस झाल्यावर शोधत बसलं की पावरप्ले निघून जातो. लाइव्ह नाही मिळालं तर नुसता स्कोरकार्ड बघत बसू नका, बॉल बाय बॉल कॉमेंट्री वाचा, छोट्या टीमचा खेळ त्यातच कळतो.

नावं पाठ करायला फार नाहीत, आणि ही टीम फॉलो करण्यातलं खरं सुख इथंच आहे, कारण माणसं कमी म्हणून तीच तीच नावं वर्षानुवर्षं दिसतात आणि ती घरची होऊन जातात. गेऱ्हार्ड इरॅस्मस हा कॅप्टन, कायद्याचं शिक्षण झालेला, मधल्या ओव्हरमधी डाव सांभाळतो आणि ऑफस्पिन पण टाकतो, त्या साउथ आफ्रिकेच्या मॅचला डी कॉकला पहिल्याच ओव्हरमधी त्यानंच काढलं. रुबेन ट्रम्पलमन लेफ्ट आर्म फास्ट, ह्याची पहिली ओव्हर कधीच चुकवायची नाही. २०२१ ला स्कॉटलंडच्या पहिल्या ओव्हरमधी तीन विकेट, २०२४ ला ओमानच्या पहिल्या दोन बॉलला दोन. बर्नार्ड स्कॉल्ट्झ डावखुरा स्पिनर, त्याची कुणी क्लिप काढत नाही पण धावा आवळायचं काम तो करतो. जे. जे. स्मिट आणि झेन ग्रीन शेवटच्या ओव्हरला मारणारे. आणि निकोल लॉफ्टी-ईटन, त्यानं फेब्रुवारी २०२४ ला नेपाळमधी कीर्तिपूरला ३३ बॉलमधी शतक ठोकलं होतं, त्या वेळी आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीमधलं सगळ्यात फास्ट, पुढं जूनमधीच एस्टोनियाच्या साहिल चौहाननं २७ बॉलमधी करून ते मोडलं. बस, एवढे पाच-सहा चेहरे ओळखता आले की मॅच तुमची झाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच आपली माणसं चुकतात. नामिबियाला इंडियाच्या मॅचवरून मोजू नका. २००३ ला पीटरमॅरिट्झबर्गला सचिननं ह्यांच्यावर १५२ मारले, २०२१ ला दुबईत इंडिया ९ विकेटनं जिंकली, कोहलीची टी-ट्वेंटी कॅप्टन म्हणून ती शेवटची मॅच होती, एवढंच आपल्याला आठवतं आणि आपण म्हणतो की काय दम नाही. अहो ह्यांची खरी लढाई नेदरलँड्स, स्कॉटलंड, ओमान, नेपाळ, यूएई ह्यांच्याशी असते, आणि त्या मॅचमधी नुसत्या दोन पॉइंटचा प्रश्न नसतो तर पुढची दोन-तीन वर्षं कुठं खेळायचं, वनडेचा दर्जा (म्हणजे ह्यांच्या मॅच अधिकृत आंतरराष्ट्रीय वनडे म्हणून धरल्या जाणं) राहणार का, पैसा येणार का, हे सगळं टांगलेलं असतं. एप्रिल २०१९ ला विंडहुकमधी डिव्हिजन टू ही छोट्या टीमांची स्पर्धा खेळून ह्यांनी वनडेचा दर्जा मिळवला, त्याच्या आधी २००३ चा वर्ल्डकप सोडला तर वनडेचं नावच काढायचं नाही अशी परिस्थिती होती.

हे कसं चालतं ते एका उदाहरणानं सांगतो, आणि हे समजलं की बाकी गाइड नाही वाचलं तरी चालंल. १६ ऑक्टोबर २०२२, ऑस्ट्रेलियातलं गिलाँग, टी-ट्वेंटी वर्ल्डकपची पहिलीच मॅच, नामिबियानं श्रीलंकेला ५५ रननं हरवलं. १६३ केले आणि श्रीलंकेला १०८ मधी गुंडाळलं, यान फ्रायलिंकनं २८ बॉलमधी ४४ काढले. महिनाभर आधी आशिया कप जिंकून आलेली श्रीलंका होती ती. जगभर नाव झालं. मग नेदरलँड्सशी हारले, आणि शेवटची मॅच यूएईशी, जिंकले की पुढच्या फेरीत. १४९ पाहिजे होते, ६९ ला ७ विकेट गेल्या, सगळं संपलं असं वाटलं आणि ह्यांचा ऑलराउंडर डेव्हिड वीसानं ५५ मारून मॅच परत आणली, आणि शेवटच्या ओव्हरमधी तो कॅच झाला. ७ रननं हारले. आता ह्या ७ रनची किंमत बघा. नामिबिया घरी गेली आणि तिच्या जागी नेदरलँड्स पुढं गेली, त्यांनी तिथं ॲडलेडला साउथ आफ्रिकेला हरवलं आणि २०२४ च्या वर्ल्डकपचं थेट तिकीट घेतलं. आणि श्रीलंकेला हरवणाऱ्या नामिबियाला नोव्हेंबर २०२३ ला परत आफ्रिकेच्या क्वालिफायरमधी उतरावं लागलं, त्यातून ते आणि युगांडा वर आले, आणि झिम्बाब्वेसारखी टेस्ट खेळणारी टीम बाहेर राहिली. म्हणून म्हणतो, क्लिप बघू नका, टेबल बघा. मॅच संपली की नुसतं कोण जिंकलं एवढ्यावर थांबायचं नाही, आता कितव्या नंबरला आहेत, वरच्यांच्या किती मॅच राहिल्यात, नेट रनरेट काय, हे एका वहीत लिहून ठेवायचं. मी लिहितो.

वनडेसाठी बघायचं टेबल म्हणजे वर्ल्डकप लीग टू. आठ टीम आहेत, कॅनडा, नामिबिया, नेपाळ, नेदरलँड्स, ओमान, स्कॉटलंड, यूएई, यूएसए. प्रत्येकीच्या ३६ मॅच, तीन-तीन टीमच्या सीरिजमधी खेळायच्या, जिंकलं की दोन पॉइंट. पहिल्या चार थेट २०२७ च्या वर्ल्डकपच्या क्वालिफायरला जातात, खालच्या चारांना आधी प्ले-ऑफ खेळावा लागतो. आणि ह्यात एक गोष्ट मला फार लागते. २०२७ चा हा वनडेचा वर्ल्डकप साउथ आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया असा तिघांच्यात आहे, त्यातल्या पहिल्या दोघांना यजमान म्हणून जागा मिळाली, पण नामिबियाला नाही, कारण ती आयसीसीची पूर्ण सदस्य, म्हणजे टेस्ट खेळणारी टीम, नाही. मांडव आपल्या दारात आणि जेवायला मात्र रांगेत उभं राहून नंबर लावायचा. त्यामुळं लीग टूची एकेक मॅच ह्यांच्यासाठी काय असते ते समजून बघा.

पैसे लावून बघू नका, कुठल्याच ॲपवर नाही. ज्या घडीला पैसा घुसतो त्या घडीला तुम्ही टीम सोडून आकडे बघायला लागता.

आणि कुणी म्हणलं की ह्यात निम्मे तर साउथ आफ्रिकेचे आहेत, तर त्याला शांतपणे सांगा. वीसा साउथ आफ्रिकेकडून खेळलाय हे खरं, २०१६ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप पण, पण त्याच्या वडलांचा जन्म नामिबियातला आणि नियमात बसूनच तो आला. २०२१ ला नेदरलँड्सविरुद्ध नाबाद ६६ मारून त्यानं ह्या टीमला वर्ल्डकपमधली पहिली जीत मिळवून दिली. मग दोन दिवसांनी आयर्लंडला ८ विकेटनं हरवलं, इरॅस्मस नाबाद ५३, समोर वीसाच उभा. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या अंडर नाइन्टीनच्या सेमीफायनलला ९६ मारले तेव्हा सगळा मराठवाडा कसा जागा होता, तसंच त्या दिवशी विंडहुक जागं असणार.

जुन्या मॅच बघायला सुरुवात करायची असंल तर माझा क्रम ऐका. आधी आयर्लंड २०२१, मग श्रीलंका २०२२, मग लगेच यूएईची ती हारलेली, ती सोडू नका. त्यानंतर ओमान २०२४, दोन्हीकडं १०९, मग सुपर ओव्हरमधी वीसानं आणि इरॅस्मसनं २१ काढले आणि बॉलिंग पण वीसानंच टाकून १० मधी थांबवलं. आणि सगळ्यात शेवटी साउथ आफ्रिका, १३५ पाहिजे, शेवटच्या ओव्हरला ११, ग्रीनचा पहिल्याच बॉलला सिक्स.

ही शेवटची मॅच मी आमच्या काकांसोबत बघितली. २०२१ ला मी त्यांना बळंच बसवलं होतं तेव्हापासून ते वीसाला ओळखतात, बाकी कुणाचं नाव त्यांना येत नाही. मॅच जिंकल्यावर म्हणले, "तो उंच्या दिसला नाही रे आज?" मी सांगितलं, काका, तो २०२४ लाच निवृत्त झाला. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणले, "मग त्याच्या जागी कोन हाय ते दाखव मला." मी स्कोरकार्ड काढून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि ते चष्मा पुसून एकेक नाव वाचायला लागले.