बी. बी. किंग यांचा अखेरचा स्टुडिओ अल्बम कसा ऐकावा

पिंपळपारावरची पाडवा पहाट आणि कालिदास कलामंदिरातील मैफली ऐकून ज्यांचे कान तयार झाले आहेत, अशा नाशिककरांना ब्ल्यूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये रुजलेला संगीतप्रकार, परका वाटण्याचे फारसे कारण नाही. मात्र तो नेमका कुठे पकडावा हे ठाऊक नसेल, तर थोड्याच वेळात सगळी गाणी सारखी भासू लागतात. ब्ल्यूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग यांचा ‘वन काइंड फेव्हर’ हा २००८ चा अल्बम आरंभासाठी उत्तम आहे. त्यात किंग यांनी आधीच्या पिढीच्या रचना गायल्या असून निर्माते टी-बोन बर्नेट यांनी ध्वनिमुद्रणाचा बाज १९५० च्या दशकाला साजेसा ठेवला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर बेस हरवतो, म्हणून हेडफोन वापरावा.

सुरुवात पहिल्या गाण्याने करू नये. आधी याच अल्बममधील, मूळ हाउलिन वुल्फ यांचे ‘हाऊ मेनी मोअर इयर्स’ लावावे आणि मांडीवर ठोके मोजावेत. चार ठोक्यांचा एक बार, असे बारा बार म्हणजे ४८ ठोके होतात, अर्थात तीनतालाची बरोबर तीन आवर्तने. कडव्याच्या प्रत्येक ओळीला एक. दुसरी ओळ बहुधा पहिलीचीच पुनरुक्ती असते आणि तिसरी तिला उत्तर देते. समेची वाट मात्र पाहू नये, कारण ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. पेटी हाताशी असल्यास कडवे ज्या सुरावर विसावते तो षड्ज मानावा. दुसऱ्या ओळीला साथ मध्यमावर आणि तिसरीला पंचमावर सरकते, हे लगेच कळेल.

मोजणी अंगवळणी पडली की लक्ष गिटारीकडे वळवावे, कारण खरा आनंद तेथे आहे. किंग गाताना सहसा गिटार वाजवत नसत. ओळ आवर्तनाच्या मध्याच्या आसपास संपते आणि उरलेली जागा त्यांची ‘ल्युसिल’ (गिटारीला त्यांनी दिलेले नाव) भरून काढते. तार बोटाने खेचून ते जी मींड घेतात, ती कित्येकदा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये थांबते. आपल्या कानांना ती बेसूर वाटली, तरी तेच ब्ल्यूजचे स्वरस्थान आहे. डॉ. जॉन यांचा पियानो या संवादात फार अदबीने डोकावतो.

पुढे ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ ऐकावे. ही रचना मुळात नऊ बारची असल्याने बाराची मोजणी कोलमडते, आणि ती कोलमडलेली जाणवली तर अभ्यास मार्गी लागला असे समजावे.

पहिले गाणे शेवटी घ्यावे. ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या या गाण्यात कबर स्वच्छ ठेवण्याची विनंती आहे आणि अल्बमचे नावही त्याच्याच ओळीतून आले आहे. म्हणून त्यात निरोप शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ब्याऐंशीव्या वर्षी हे गाणारे किंग पुढे २०१४ पर्यंत कार्यक्रम करीत होते आणि त्यांचे निधन मे २०१५ मध्ये झाले. त्यानंतर जेफरसन यांचे १९२० च्या दशकातील मूळ ध्वनिमुद्रण लावावे. त्यात खरखर पुष्कळ आहे, पण एकच माणूस गातो आणि वाजवतो, त्यामुळे किंग यांनी स्वतःची गिटार थांबवून कोणाकोणाला जागा दिली, हे स्पष्ट होते.