टोरांटोहून नायगारा: जोडीने जाताना वेळ कशी साधावी

टोरांटोहून नायगारा धबधबा जेमतेम १३० किलोमीटरांवर आहे. मात्र क्वीन एलिझाबेथ वे या महामार्गावर कार्यालये सुटण्याच्या वेळी सापडल्यास दीड तासाचे अडीच तास सहज होतात, म्हणून सकाळी लवकर शहर सोडावे. वाटेत ४०७ क्रमांकाचा मोकळा रस्ता मोह घालतो, पण तो टोलचा रस्ता आहे; फक्त त्यावर टोलनाके नाहीत. कॅमेरा गाडीची नंबरप्लेट टिपतो आणि बिल मागाहून येते. गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर स्वतःचे शुल्कही लावू शकते, तेव्हा नकाशाच्या ॲपमध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय आधीच निवडून ठेवावा.

धबधब्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिका व कॅनडा यांच्या १९५० च्या करारानुसार १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी कड्यावरून सोडावे लागते, तर रात्री आणि हिवाळ्यात ही मर्यादा निम्म्यावर येते. त्यामुळे भरगच्च प्रवाह पाहायचा असेल तर उन्हाळ्यातील दिवसच धरावा. त्यातही दुपार कलल्यावर कॅनडाच्या काठावर थांबावे, कारण सूर्य पाठीशी आल्याने तुषारांत इंद्रधनुष्य दिसते. नायगाराचाच सर्वांत मोठा भाग असलेल्या हॉर्सशू धबधब्याच्या कठड्यापाशी चष्मा क्षणात थेंबांनी भरतो. कोरडे फडके रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवावे.