वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर: कोकणातल्या घरात नव्याने जेवायला कसं शिकावं

ऑपरेशन मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात नाहीतर गोव्यात होतं. जेवायचं मात्र असतं देवगडात, गुहागरात नाहीतर श्रीवर्धनात. डिस्चार्जच्या वेळी हातात पडणाऱ्या आहाराच्या कागदावर बऱ्याचदा ओट्स, टोफू आणि ब्रोकोलीचं सूप असतं. घरी चुलीवर पेज, टोपात बांगड्याचं तिखलं, आणि ओटीवर चौकशीला आलेली चार माणसं. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगितलं आहे. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. प्रत्येक हॉस्पिटलचे दिवस थोडे मागेपुढे असतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पहिलं वर्षभर ‘कमी कसं खाऊ’ ही काळजी तुमची नाही. ते काम ऑपरेशनने केलेलं आहे. ही ऑपरेशनं मुख्यतः दोन प्रकारची, स्लीव्ह आणि जठराची बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि १०० ते १५० मिलीची नळी उरते. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, आणि ही पिशवी तर सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते. एवढ्याशा जागेत दिवसाची प्रथिनं, पाणी आणि गोळ्या बसवायच्या, हे तुमचं काम. ती जागा आधी भाताने भरली, तर बाकीच्यांना दार बंद.

हॉस्पिटलमधून निघताना

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा. गावच्या डॉक्टरांना ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं सांगून भागत नाही. स्लीव्ह की बायपास, हे त्यांना कळलं पाहिजे. डायबेटिस आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं नवं प्रमाण लिहून घ्या. साखर वजनाच्या आधीच खाली येऊ लागते आणि जुनेच डोस चालू राहिले तर चक्कर येते.

परतीचा प्रवास लांबचा असतो. गाडीत सलग बसून राहू नका, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या दिवसांत जास्त असतो. रेल्वेत असाल तर तासाभराने उठून डब्यात फेरी मारा. कारने येत असाल तर घाटाआधी आणि घाटानंतर थांबा, चार पावलं चाला.

पहिले दोन आठवडे: फक्त पातळ

एका वेळी एक-दोन घोट, थोडं थांबून पुन्हा एक घोट, असं दिवसभर चालू ठेवायचं. हळूहळू दीड लिटरपर्यंत पोचायचं. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिण्याचे दिवस संपले. शहाळ्याचं पाणी, पातळ ताक, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, तिखट न घातलेलं चिकनचं किंवा माशाचं गाळीव सूप, हे सगळं चालतं. कोकमाचं आगळ पाण्यात घालून किंचित मीठ टाकून प्यायला हरकत नाही, पण साखरेचं कोकम सरबत नको. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच. स्ट्रॉही बाजूला ठेवा, तिच्यातून हवा पोटात जाते.

पेजेबद्दल थोडं परखड बोलायला हवं. ‘आजारी माणसाला पेज’ यावर आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. गाळलेली पेज पोटाला त्रास देत नाही हे खरंच. पण तिच्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. दिवसातून तीनदा पेज घेऊन ‘आज छान जेवले’ म्हणाल तर प्रथिनांचा हिशोब जवळपास शून्यावर राहील. डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर आधी, पेज त्यानंतर जागा उरली तर.

या काळात आणि पुढे चार-सहा आठवड्यांपर्यंत जड उचलायचं नाही. भरलेली कळशी, नारळाचं पोतं, तांदळाची गोणी दुसऱ्या कुणीतरी न्यावी. आडाळ्यावर वाकून बसणं आणि लावणीला चिखलात उतरणं याबद्दल सर्जनला आधी विचारा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. पावसात घाटीवरून पाय घसरतो, तेव्हा पडवीतच फेऱ्या मारा.

तिसरा-चौथा आठवडा: कुळथाची पिठी

आता मऊ, घोटलेलं अन्न सुरू होतं, आणि इथे कोकणातल्या स्वयंपाकघराला जोड नाही. कुळथाच्या पिठीसारखा पदार्थ आहारतज्ज्ञाने मुद्दाम शोधला असता तरी सापडला नसता.

नेहमीच्या पिठीत थोडे बदल करायचे. एका माणसाला दोन मोठे चमचे पीठ पुरे. ते आधी गार पाण्यात नीट कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये. चमचाभर तेलात जिरं आणि ठेचलेली एक लसूण पाकळी परतून त्यावर पाणी, मीठ आणि एक कोकम. उकळी आली की पीठ सोडून ढवळत राहा. मिरची नाही, खोबरं नाही, आणि कांदाही सध्या नको. पिठी चमच्यावरून ओघळेल इतकी पातळ हवी. एवढ्यातून साधारण ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एरवी पिठी भातावर ओततात, आता ती नुसती वाटीत घेऊन लहान चमच्याने खायची.

सोबत घट्ट दही, कुस्करलेलं पनीर, घोटलेलं उकडलेलं अंडं. उकडलेल्या पापलेटाचा गर काटे पूर्ण काढून घोटला तर छान लागतो.

पाचव्या आठवड्यापासून: मासा परत ताटात

ताजा बोंबील सगळ्यात सोपा. मऊ असतो, मधला काटा सहज निघतो. फक्त रव्यात घोळून तळलेला नको, पातळ कालवणातला घ्या. बांगडाही चालतो, पण बेताने. आमच्या वहिनी स्लीव्हनंतर बांगडा खात, ते बघण्यासारखं असे. मधला एक तुकडा बशीत. आधी साल काढायची, मग काट्याच्या दोन्ही अंगांचं मांस वेगळं करायचं, मग त्यातली एकेक चिमूट बोटांत दाबून बघायची, बारीक काटा लागतो का. हरभऱ्याएवढा घास, तो पूर्ण पीठ होईपर्यंत चावायचा आणि गिळल्यावर हात बशीबाहेर. पुढचा घास घड्याळाकडे बघून. अर्धा बांगडा संपायला पंचवीस मिनिटं. पोरं कंटाळून उठून जायची, त्या शांतपणे बसून असायच्या.

कोळंबी, तिसऱ्या आणि कुर्ल्या रबरासारख्या लागत असतील तर आणखी महिनाभर थांबा. कोरडं चिकन, मऊ पोळी आणि मोकळा भात हे तिन्ही हमखास अडकणारे. अडकलं की छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं आणि शेवटी उलटी होते. त्यावर पाणी पिऊन ढकलायचा प्रयत्न करू नका.

साधारण दोन महिन्यांनंतर: ताटातला क्रम उलटा

आपण भात कालवतो आणि मासा तोंडी लावतो. हे आता फिरवायचं. आधी मासा, अंडं, उसळ किंवा पनीर; मग भाजी; आणि भाताचे दोन-तीन घास शेवटी, जागा असेल तरच. सगळा बदल या एकाच सवयीत आहे. ती जमली तर बाकीचं आपोआप सोपं होतं.

दिवसाला किमान ६० ग्रॅम, शक्य तर ८० ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. हिशोब असा: दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम मासा १८ ते २०, ५० ग्रॅम पनीर ९, वाटीभर दही ५, कुळथाची पिठी ५. बेरीज पन्नाशीच्या आसपास येते. उरलेलं पावडरीतून. शाकाहारी घरांत पावडरीवर भर जास्त राहणार, त्यात कमीपणा नाही.

जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. त्यामुळे सोलकढीची जागा बदलते. अर्ध्या तासाने अर्धी वाटी, नारळाचं दूध पातळ करून. भातावर आमटी ओतून ओरपणंही थांबवा. पातळ झालेला भात भरभर खाली उतरतो, पोट भरल्याचं कळत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक.

पोट भरल्याची नवी खूण ओळखायला थोडे दिवस जातात. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहू लागतं, कुणाला शिंक येते. ती पहिली खूण आली की ताट सरकवा. ‘एवढा एकच घास’ हा घास नंतर उलटीत जातो.

पावसाळ्याचा वेगळा विचार हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी मिळते आणि महागही होते. अंडी, मूग, कुळीथ आणि पनीर यांचा साठा आधीच लावून ठेवा. सुकट-जवळ्यात प्रथिनं भरपूर, पण मीठही तितकंच. कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवून घ्या, आणि ब्लडप्रेशर असेल तर क्वचितच.

गोळ्या: आयुष्यभर

इथे सगळ्यात जास्त चालढकल होते, कारण काही महिने गोळ्या सोडल्या तरी काही जाणवत नाही. परिणाम उशिरा दिसतो आणि बी-१२ फार दिवस कमी राहिलं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम हे नेहमीचे पाच. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एकदम न घेता दोन-तीन वेळा विभागून, आणि शक्यतो सायट्रेट प्रकारचं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहाबरोबर अजिबात नको.

तालुक्याच्या मेडिकलमध्ये सायट्रेट दर वेळी मिळेलच असं नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना मिठाईऐवजी तीच आणायला सांगा. दमट हवेत गोळ्यांची पाकिटं ओट्यावर पडून राहू देऊ नका, घट्ट झाकणाचा डबा करा.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. मात्र प्रथिनं आणि लोह पुरेसं जातंय का, हे तेव्हा एकदा तपासा.

गोड, आंबा आणि आग्रह

बायपास झालेल्यांनी साखरेचा धसका घेतलेलाच बरा. गोड पदार्थ आतड्यात झपकन उतरला की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन हातपाय गळतात. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून ते बेफिकीर राहतात, आणि वजन परत येण्याचा रस्ता तिथूनच जातो. शिरवाळे, धोंडस आणि आमरस चावायला लागतच नाहीत. पोट त्यांना अडवत नाही. हापूसच्या दोन फोडी जेवणानंतर चावून खा, आमरसाची वाटी नको. फणसाचे तंतू चावून बारीक होत नाहीत, तेव्हा बरका गरा पहिल्या वर्षी टाळा. उकडीचा मोदक अर्धा, पोटात आधी काहीतरी प्रथिन गेल्यावर.

निर्जळी उपवास पहिल्या वर्षी नको. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, तेव्हा उपवास करायचाच तर दही, दूध आणि पनीरवर करा. रमझानचे रोजे धरणाऱ्यांनी सर्जनशी बोलूनच ठरवावं.

आग्रहावर औषध नाही. ‘वायच घे गो’ म्हणत काकी डाव पुढे करणारच. ऑपरेशनची सगळी कथा पंगतीत सांगत बसण्यापेक्षा लहान बशी घ्या, ती हळूहळू खात शेवटपर्यंत बसा. रिकामं ताट दिसलं की वाढणारा थांबतो, पण तुम्ही अजून खाताय हे दिसलं तर तो पुढे जातो. ‘किती वाळलीस, आजारी आहेस का?’ याला ‘नाही काकी, बरी आहे’ एवढंच उत्तर पुरे.

दारूचं मात्र गंमतीवारी नेऊ नका. ती आता लवकर चढते, जास्त चढते, आणि जेवणाची जागा दारूने घेतल्याची उदाहरणं जगभर आहेत. पहिलं वर्ष पूर्ण बंद. तंबाखू, मिश्री आणि विडी कायमची बंद, कारण पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

गावच्या डॉक्टरांना काय सांगावं

कंबर दुखली म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अल्सर करू शकते, बायपासमध्ये तर नक्कीच टाळायची. पॅरासिटामॉल चालते. पावसाळ्यात लेप्टो किंवा डेंग्यूचा ताप आला की अंगदुखीवर इंजेक्शन देण्याआधीच ऑपरेशनचं सांगा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दोन-तीन दिवस उलट्या चालू राहिल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, संपू लागतं. अशा वेळी थेट ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे डिस्चार्ज कार्डाच्या फोटोखाली लिहूनच ठेवा. नजर दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं, ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका.

ताप, सतत १२० च्या वर नाडी, पोटात किंवा खांद्यात तीव्र दुखणं, श्वास लागणं, एका पोटरीला सूज, काळी शौच: यांतलं काहीही झालं तर घरगुती उपाय न करता सरळ मोठं हॉस्पिटल आणि सर्जनला फोन. उजव्या कुशीत जेवणानंतर कळ येत असेल तर पित्ताशयात खडे झालेत का ते बघावं लागतं, वजन झपाट्याने उतरताना ते होतात. मूल हवं असणाऱ्या स्त्रियांनी बारा ते अठरा महिने थांबावं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरी पद्धत डॉक्टरांना विचारावी.

वर्षानंतर

वजन बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उतरतं, तेही सरळ रेषेत नाही. मध्येच तीन-चार आठवडे काटा हलत नाही. पुढे थोडं वजन परत येणं नेहमीचंच आहे. भूक परत येते, घासाचा आकार वाढतो आणि दुपारच्या चहाबरोबरची खारी गुपचूप रोजची होते. लक्ष तिच्यावर ठेवा, भातावर नाही. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दर वर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. तपासणीला एकच महिना ठरवून टाका. मे महिन्यात पाहुणे असतात, जूनमध्ये पेरणी. दिवाळीनंतरचा आठवडा बरा पडतो.