रात्री पतंग, सकाळी पाणपक्षी: तलावाकाठच्या मुक्कामाची तयारी

रात्री दिव्याकडे येणारे पतंग (कीटक) आणि सकाळी पाणपक्षी पाहण्यासाठी भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मालगुजारी तलावाकाठी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या सिंचन तलावाकाठी, शनिवार-रविवारचा मुक्काम ठरवताना तारखेआधी तिथी पाहावी, कारण चांदण्यात दिव्याकडे फारसे पतंग येत नाहीत. कोजागिरीची रात्र मसाला दुधासाठी कितीही उत्तम असली, तरी या कामासाठी ती जवळजवळ वाया जाते. अमावास्येच्या मागची-पुढची, वारा पडलेली आणि थोडी ढगाळ रात्र निवडावी. धुतलेली पांढरी सुती चादर दोरीवर ताणून तिची खालची कड जमिनीवर पसरावी, म्हणजे खाली पडलेले पतंग गवतात हरवून पायदळी जात नाहीत, आणि समोर अतिनील दिवा टांगावा. मात्र त्याकडे थेट पाहू नये. धानाच्या बांधीजवळ (शेताजवळ) दिवा लावल्यास तुडतुडे, म्हणजे धानावरचे बारीक किडे, इतके येतात की चादर भुरकट होते आणि चहाच्या कपातही तेच तरंगतात. त्यापेक्षा ऐन-अर्जुनाच्या झाडांजवळ बसावे. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा पतंग याच झाडांवर वाढतो. त्याच्या प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक गोल ठिपका असतो.

उजाडण्यापूर्वी दिवा मालवून चादर झुडपांत अलगद झटकावी, अन्यथा कोतवाल पक्षी सकाळी आयती न्याहारी उरकतात. त्यानंतर तलावाच्या पूर्वेकडील काठावर जावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. ऑक्टोबरात धोबी पक्षी दिसू लागतात. बदकांच्या मोठ्या थव्यांसाठी नोव्हेंबरअखेर यावे. अभयारण्याच्या हद्दीत दिवा लावायचा असल्यास वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी.