पुढचा कारखानदार देश कोणता, हे ताडून पाहायचं कसं

‘चीननंतर कोण?’ हा प्रश्नच फार सैल आहे. शर्ट कोण शिवणार, गाडीचं वायरिंग कोण बांधणार आणि फोन कोण जोडणार, याची उत्तरं तीन वेगवेगळ्या देशांत सापडतात. म्हणून आधी वस्तू ठरवा आणि तिचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे जगभर मालाच्या वर्गवारीसाठी वापरला जाणारा क्रमांक, काढा. हे पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या देशांचं कस्टम्स सारखेच वापरतं, त्यामुळे यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहावर देशादेशांची तुलना जमते. निदान दहा वर्षांचे आकडे उतरवून घ्या. यात एक खाच आहे. कोड अधूनमधून बदलतात. २०२२ च्या फेररचनेत स्मार्टफोनला ८५१७१३ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधी तो ८५१७१२ मध्ये साध्या मोबाइलच्या पंक्तीत होता. दोन्ही कोड जोडून घेतले नाहीत, तर २०२२ मध्ये एखादा देश शून्यातून उगवल्यासारखा दिसतो.

निर्यात वाढलेली दिसली तरी हुरळून जाऊ नका. त्याच वस्तूच्या सुट्या भागांची आयातही काढा. दोन्ही रेषा सारख्याच चढत असतील, तर तिथे नुसती जोडणी चालली आहे. जवळजवळ तयार मालच आत येऊन बाहेर जात असेल, तर फक्त शिक्का बदलतोय. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये नेमका हाच ठपका कंबोडिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या काही सोलर कंपन्यांवर ठेवला. जोडणीत वाईट काही नाही, बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पाच वर्षांनीही आयातीचा वाटा तेवढाच राहिला, तर मात्र गाडी तिथेच अडली आहे.

मग पगाराकडे वळा, पण नुसता पगार पाहू नका. एका नगाला मजुरी किती पडते ते काढा. समजा, चाळीस जणांची शिवणाची लाइन आहे. पहिल्या देशात माणशी महिना १२० डॉलर लागतात आणि दिवसाला ५०० शर्ट निघतात. दुसऱ्यात २५० डॉलर लागतात, पण निघतात १,२००. महिन्याचे २६ दिवस धरले, तर पहिल्याकडे शर्टामागे सुमारे ३७ सेंट पडतात, दुसऱ्याकडे ३२. दुप्पट पगाराचा देश स्वस्त ठरला! ओव्हरटाइम, बोनस आणि जेवण-वाहतूक पगारात धरायला विसरू नका. बहुतेक हिशेब इथेच फसतात.

खरी परीक्षा कच्च्या मालाची असते. एक शर्ट उलगडून पाहा: दीड-दोन मीटर कापड, कॉलर ताठ ठेवणारं बकरम, बटणं, दोरा, लेबल, पिशवी, खोका. यातलं दहा दिवसांच्या आत देशातच काय मिळतं, ते प्रत्येकापुढे लिहा. बटणं आली नाहीत म्हणून अख्खी ऑर्डर अडते आणि जहाज चुकल्यावर माल विमानाने पाठवावा लागतो. तिथेच नफा संपतो.

याच यादीला ‘मूळ देशाचे नियम’, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे नियम, जोडून वाचा. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीत असल्यामुळे २०११ पासून बाहेरचं कापड आणून नुसतं शिवलं तरी माल युरोपीय संघात बिनशुल्क जातो. नाहीतर कपड्यांवर साधारण १२ टक्के शुल्क लागतं. ठरलेल्या वेळापत्रकानुसार हा देश २४ नोव्हेंबर २०२६ ला त्या यादीतून बाहेर पडायचा आहे आणि युरोपची सवलत त्यानंतर तीन वर्षं टिकते. पुढे जीएसपी प्लस या विकसनशील देशांसाठीच्या युरोपीय शुल्कसवलतीत जागा मिळाली तरी कापडही तिथेच तयार झालेलं लागेल. होजिअरीवाले यातून तरतील, कारण त्यांचं सूत आणि निटचं कापड बरंचसं घरचं आहे. शर्ट-पँटवाल्यांचं कापड मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं. त्यांची पंचाईत होईल. तेव्हा ‘बांगलादेश पुढे जाईल का’ असं न विचारता, त्यातला कोणता धंदा, असं विचारा.

विजेच्या बाबतीत सरासरी दराच्या मागे लागू नका, वीज किती वेळा जाते ते पाहा. जागतिक बँकेच्या एंटरप्राइज सर्व्हे या उद्योगांच्या पाहणीमध्ये महिन्याला किती वेळा वीज गेली याचा रकाना असतो. पाच मिनिटं वीज गेली तरी माग थांबतो आणि पुन्हा चालू करताना कापडावर आडवी पट्टी उमटते. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनला तर बॅरलमध्ये अडकलेला माल काढून फेकावा लागतो. एरवी भरवशाच्या मानल्या गेलेल्या उत्तर व्हिएतनाममध्ये मे-जून २०२३ च्या उन्हाळ्यात धरणं आटली आणि कारखान्यांवर कपातीची वेळ आली.

वाहतुकीचा हिशेब पैशांत मांडा. एक लाख डॉलरचा माल तीस दिवस जास्त वाटेत राहिला आणि व्याज वर्षाला १० टक्के असेल, तर सुमारे ८२० डॉलर नुसते व्याजात जातात. बांगलादेशचं चट्टोग्राम बंदर उथळ आहे, मोठी जहाजं आत येत नाहीत. म्हणून कंटेनर कोलंबो किंवा सिंगापूरला चढ-उतार करतात. उलट मोरोक्कोत टँजर मेड बंदर २००७ मध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये रेनॉचा कारखाना आला आणि समोर जेमतेम १४ किलोमीटरवर स्पेन आहे. युरोपसाठी गाड्या बनवायला ही जागा कितीतरी खंडप्राय देशांना भारी पडते.

धोका तपासताना सवलत कुणाच्या मर्जीवर टिकून आहे ते पाहा. इथिओपियाचं हवासा औद्योगिक उद्यान २०१६ मध्ये थाटात उघडलं. यादवीच्या काळात, १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने आगोआ या कायद्याखाली आफ्रिकी देशांना मिळणारी बिनशुल्क आयातीची सवलत इथिओपियाकडून काढली आणि निर्यातीचं गणितच मोडलं. मेक्सिकोची भिस्त अमेरिका आणि कॅनडाबरोबरच्या यूएसएमसीए या व्यापार करारावर आहे. गाडीचं ७५ टक्के मूल्य त्या तीन देशांतलं असावं ही अट त्याला फायद्याची, पण सहा वर्षांनी संयुक्त आढावा घ्यायचा हेही करारातच लिहिलेलं आहे.

आणि हो, ‘ईझ ऑफ डुइंग बिझनेस’चा, म्हणजे व्यवसाय करणं किती सोपं हे सांगणारा, क्रमांक कुणी पुढे केला तर बाजूला ठेवा. आकड्यांतल्या गडबडीनंतर जागतिक बँकेने तो अहवाल २०२१ मध्ये बंद केला. सादरीकरणांत मात्र तो अजून जिवंत आहे.

या चाळणीतून आमच्या मते गाड्यांमध्ये अमेरिकेसाठी मेक्सिको आणि युरोपसाठी मोरोक्को उरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीत व्हिएतनाम पुढे आहे, पण दहा कोटी लोकसंख्येला मनुष्यबळाची मर्यादा लवकरच लागते. चीनच्या तोडीची माणसं फक्त भारताकडे आहेत. तिथे मात्र फोनची निर्यात मोजून थांबू नका. कॅमेरा, डिस्प्ले आणि चिप यांची आयात त्याच तक्त्यात शेजारी मांडा आणि दर सहा महिन्यांनी आकडे भरा.